एरर घालवणारे इंजिनिअर

सिव्हिलची पदवी किंवा डिप्लोमा घेऊन नुकतीच नोकरीला लागलेली मुलं मला फोन करतात, तेव्हा त्यांचा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो. "सर, एरर येतोय, कसा घालवू?" कधी स्टॅड प्रो असतं, कधी ईटॅब्स, कधी सिव्हिल थ्रीडी. सॉफ्टवेअर बदलतं, क्रियापद बदलत नाही. ‘घालवू’. एरर का येतोय, असं विचारणारा वर्षाकाठी एखादाच भेटतो.

या क्रियापदावर माझा राग आहे. मुलांवर कमी, त्यांना ते शिकवणाऱ्यांवर जास्त. सॉफ्टवेअरने दाखवलेली अडचण सोडवणं आणि ती दिसेनाशी करणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्या धंद्यात दुसऱ्या कामालाच पहिल्याचं नाव मिळालं आहे. याची किंमत मोजणारा माणूस भलताच असतो. तो आयुष्यभराची कमाई घालून तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतो, आणि या सॉफ्टवेअरचं नावही त्याने ऐकलेलं नसतं.

हे वाचणारे सगळे इंजिनिअर नसतील, म्हणून आधी थोडं सांगतो. सॉफ्टवेअरला इमारत दिसत नाही. त्याला बिंदू दिसतात आणि ते जोडणाऱ्या रेषा दिसतात. कॉलम ही एक रेषा, बीम ही दुसरी. प्रत्येक रेषेचा आकार, काँक्रीटची प्रत, तिच्यावरचं वजन हे सगळं आपण सांगायचं. प्रत्येक बिंदू सहा प्रकारे हलू शकतो: तीन दिशांना सरकू शकतो, तीन अक्षांभोवती फिरू शकतो. बिंदू काही हजार असले तर समीकरणं त्याच्या सहापट. ती सोडवणं हे सॉफ्टवेअरचं काम, आणि ते काम तो आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं करतो. पण आपण सांगितलेली इमारत खरोखर बांधली जाणारी इमारतच आहे का, हे त्याला कळायचा मार्ग नाही. तेवढं एक काम आपल्याकडे उरलं आहे, आणि तेच आपण टाळतो.

सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार घ्या: इन्स्टॅबिलिटी. एखादा बिंदू कुणीच धरून ठेवलेला नसेल, तर समीकरणांना उत्तर मिळत नाही. स्टॅड अशा वेळी थांबतोच असं नाही. तो आउटपुट फाइलमध्ये लिहितो की अमुक नंबरच्या जॉइंटला अमुक दिशेत अस्थिरता आहे, म्हणून मी तिथे एक ‘वीक स्प्रिंग’ टाकतोय. आणि गणित पुढे नेतो. पडद्यावर शेवटी येतं: शून्य एरर, बारा वॉर्निंग. शून्य पाहून मुलगा खूश होतो. त्या बारा ओळींत काय लिहिलंय ते तो उघडत नाही, आणि त्याचा साहेबही उघडत नाही.

कारणं बहुतेक वेळा साधी असतात. ऑटोकॅडमधून रेषा आणताना बीमचं टोक कॉलमच्या बिंदूपासून दोन मिलिमीटर दूर राहिलं. पडद्यावर ते जोडलेलं दिसतं, गणितात तो बीम लोंबकळतोय. किंवा एका जॉइंटला येणाऱ्या सगळ्याच मेंबरांना रिलीज देऊन ठेवलं, त्यामुळे तो सांधा फिरताना त्याला अडवणारं कुणी उरलं नाही. किंवा बीमच्या दोन्ही टोकांना पिळाचंही रिलीज दिलं आणि तो स्वतःच्या अक्षाभोवती मोकळा गरगर फिरू लागला. शोधायची वाटही सरळ आहे. जॉइंटचा नंबर बघा, तिथे जा, डुप्लिकेट बिंदू आणि सुटे मेंबर तपासा, रिलीज कुठे दिलेत ते बघा, विस्थापनाचं चित्र मोठं करून कुठला भाग उडून चाललाय ते पाहा. ईटॅब्समध्ये मोड शेपचं ॲनिमेशन चालवलं, की सुटलेला बीम पडद्यावर शेपटीसारखा हलताना दिसतो. अर्ध्या तासाचं काम.

बाजारात मिळणारा इलाज मात्र दोन मिनिटांचा असतो: "त्या जॉइंटला सपोर्ट देऊन टाक." एरर लगेच जातो. पण झालं काय? चौथ्या मजल्यावर, हवेत, एक पाया तयार झाला. वरचं वजन त्या नसलेल्या पायात उतरलं. खालच्या कॉलमला कमी भार दिसला, खऱ्या पायाला त्याहून कमी. सळई वाचली, बिल्डर खूश, इंजिनिअरची हुशारी सिद्ध. साइटवर तो सपोर्ट कुणी बांधणार नाही, कारण तिथे बांधण्यासारखं काही नाहीच.

दुसरा असाच इलाज म्हणजे ‘रिजिड कर’. दोन बिंदू जोडायचे म्हणून मध्ये एक मेंबर टाकायचा आणि त्याचा कडकपणा लाखो पटींनी वाढवून ठेवायचा. संगणक एका संख्येचे साधारण पंधरा-सोळा अर्थपूर्ण अंक सांभाळतो. अतिप्रचंड आकड्याशेजारी लहान आकडा आला की बेरीज-वजाबाकीत लहान आकड्याचे अंक गळून जातात. ईटॅब्स तेव्हा सांगतो की सोडवताना इतके अंक गमावले, उत्तरावर भरवसा ठेवू नका. हा इशारा वाचायचा सोडून लोक त्याला ‘सॉफ्टवेअरची कटकट’ म्हणतात. रिजिड जोड द्यायला त्याच सॉफ्टवेअरमध्ये वेगळी, नीट सोय दिलेली असते. आणि मेंबरच वापरायचा असेल तर शेजारच्यापेक्षा शे-हजार पटींनी कडक असला तरी काम भागतं. पण तेवढं वाचायला कुणाला वेळ आहे?

आता ‘बीम फेल’. पडद्यावर बीम लाल झाला की सुचवण्यांचा पाऊस पडतो. काँक्रीटची प्रत वाढव. टोकाला पिन दे. पिळाचा मॉडिफायर शून्याच्या जवळ आण. यातल्या शेवटच्या सल्ल्याबद्दल थोडं सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण तो अर्धा खरा आहे, आणि अर्धं खरं पूर्ण खोट्यापेक्षा जास्त फसवतं.

बीमला पीळ दोन प्रकारे पडतो. एक, शेजारचा स्लॅब किंवा दुय्यम बीम वाकतो म्हणून मुख्य बीमला त्याच्याबरोबर थोडं फिरावं लागतं. हा पीळ बीमने घेतला नाही तरी वजनाला दुसरी वाट असते. भार स्लॅबमध्ये परत वाटला जातो. आयएस ४५६ अशा पिळाकडे दुर्लक्ष करायची मुभा देतं. दुसरा प्रकार वेगळा आहे. खिडकीवरचा छज्जा किंवा गॅलरी बीममधून बाहेर आलेली आहे आणि मागच्या बाजूला तिला धरणारा स्लॅब नाही. त्या छज्जाला उलटण्यापासून अडवणारा फक्त बीमचा पीळ. तिथे मॉडिफायर शून्य केला तर पडद्यावरचा लाल रंग जातो आणि छज्जाला धरणारी सळई नकाशातूनच जाते. दोन्ही ठिकाणी बटण एकच आहे, क्लिक एकच आहे. फरक ओळखायला भार कुठून कुठे जातो ते कळायला लागतं. ‘ईटॅब्समध्ये टॉर्शन फेल्युअर कसं घालवायचं’ हे सांगणारे हा फरक सांगतात का? बहुतेक सांगत नाहीत. त्यांना तो ठाऊक असेल अशी मी अपेक्षा ठेवतो. ठाऊक असून सांगत नसतील तर ते अधिक वाईट.

इथवर मी ज्या अडचणी सांगितल्या त्यांत निदान सॉफ्टवेअर बोलतं तरी. खरा धोका तो गप्प असतो तिथे आहे, आणि ‘एरर घालवणं’ हेच शिकलेला मुलगा तिथे पूर्ण आंधळा असतो. कारण घालवायला काही नसतंच.

उदाहरणार्थ, भिंती. आपल्याकडे मॉडेलमध्ये विटांची भिंत बीमवरचं वजन म्हणून टाकतात. तिचं वजन मोजलं जातं, तिचा कडकपणा मोजला जात नाही. आता तळमजल्यावर पार्किंग आहे आणि वर घरं. खऱ्या इमारतीत वरचे मजले भिंतींमुळे कडक आहेत, खालचा नुसत्या कॉलमवर उभा आहे. भूकंपात सगळं सरकणं त्या एका मजल्यात होतं. मॉडेलमध्ये मात्र भिंती फक्त वजन असल्यामुळे सगळे मजले सारखेच दिसतात. मऊ मजला मॉडेलमधून गायब झालेला असतो. एरर नाही, वॉर्निंग नाही. २६ जानेवारी २००१ला भूज भागात भूकंप झाला आणि तिथून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत अशाच पार्किंगवाल्या कितीतरी इमारती कोसळल्या. त्यानंतर आलेल्या २००२च्या आयएस १८९३मध्ये अशा मजल्याचे कॉलम आणि बीम अडीचपट जोरासाठी डिझाइन करण्याची अट घातली गेली, आणि २०१६च्या आवृत्तीत भिंतींचा कडकपणा धरण्याची रीत दिली गेली. मुंबईच्या उपनगरांत, मुंब्र्यात, भिवंडीत, मालेगावात पार्किंगवर उभ्या इमारती मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल.

तसंच कॉपी केलेल्या फाइलचं. पुण्यातल्या कामाची फाइल उचलली, नकाशा बदलला, बाकी तसंच ठेवलं. पुणे आणि मुंबई २०१६च्या आयएस १८९३प्रमाणे तिसऱ्या झोनमध्ये, गुणांक ०.१६. कोयना परिसर चौथ्या झोनमध्ये, गुणांक ०.२४. पाटणजवळच्या शाळेसाठी ती फाइल वापरली तर भूकंपाचा जोर दोन तृतीयांशच धरला गेला. सॉफ्टवेअर तक्रार करणार नाही. ०.१६ हा त्याच्या दृष्टीने निर्दोष आकडा आहे.

रस्ते आणि जमिनीच्या कामातही हेच. सर्व्हेच्या यादीत काही बिंदूंची उंची भरायची राहिली, तर सिव्हिल थ्रीडी ती शून्य धरू शकतो. समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरवरच्या गावात अचानक पाचशे मीटर खोल विहिरी तयार होतात, आणि भरावाचे घनमीटर त्या विहिरींतून मोजले जातात. इतकी मोठी चूक डोळ्यांना दिसते. पण गाव कोकणात खाडीकाठी, सहा मीटर उंचीवर असेल, तर ती विहीर खड्ड्यासारखी दिसते आणि सरळ बिलात उतरते.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं आपल्याकडच्या ढिलाईचं आहे, बाहेर असं होत नाही. होतं. अमेरिकेत हार्टफर्ड इथल्या सिव्हिक सेंटरचं भलंमोठं छत १८ जानेवारी १९७८च्या पहाटे बर्फाच्या भाराखाली कोसळलं. आदल्या संध्याकाळी तिथे बास्केटबॉलचा सामना झाला होता, हजारो माणसं त्याच छताखाली बसली होती. ते छत संगणकाच्या मदतीने डिझाइन केलेलं होतं. गणितात वरच्या दाबातल्या दांड्या मध्यावर पक्क्या धरलेल्या होत्या, प्रत्यक्ष जोडणीत त्या तशा नव्हत्या. बांधकाम चालू असतानाच छताचा झोळ गणितापेक्षा दुप्पट मोजला गेला होता. तो कळवला तेव्हा उत्तर मिळालं की एवढा फरक पडायचाच. थोडक्यात, छताने स्वतः दिलेली वॉर्निंग घालवली गेली.

नॉर्वेत २३ ऑगस्ट १९९१ला स्लायप्नर-ए या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया स्टाव्हांगरजवळच्या फियोर्डमध्ये चाचणी चालू असताना बुडाला. माणसं वाचली, सुमारे ७० कोटी डॉलर बुडाले. चौकशीत निघालं की पेशींच्या कोपऱ्यांत घटकांची जाळी नीट घातलेली नव्हती, त्यामुळे तिथला शिअर ४७ टक्क्यांनी कमी आला होता. जोडीला सळईचं अँकरेजही अपुरं होतं. नंतर काळजीपूर्वक केलेल्या गणिताने ती भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असं दाखवलं, प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली. म्हणजे गणिताचं शास्त्र पुरेसं होतं. कमी पडली ती शंका. आणि त्या चुकीच्या जाळीनेही समीकरणं बिनतक्रार सुटली होती.

माझ्या या बोलण्यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. पहिला ज्येष्ठांचा: "आम्ही सगळं हाताने करायचो, सॉफ्टवेअरने पिढी बिघडवली." मला हे मान्य नाही. वीस मजल्यांच्या इमारतीचं भूकंपाचं विश्लेषण हाताने करायचं म्हणजे इतकी गृहीतकं धरायची, की ती चुकली तरी कुणाला दिसणार नाहीत. ढाक्याहून शिकागोला गेलेल्या फझलूर रहमान खान यांचं नाव आपल्या समाजात भाषणांतून अभिमानाने घेतलं जातं. शंभर मजली जॉन हॅनकॉक सेंटर, एकशे दहा मजली सीअर्स टॉवर, जेद्द्याचं हज टर्मिनल ही त्यांची कामं. त्यांनी संगणक टाळला नाही. त्यांच्या काळात तो नवा होता तरी वापरला. पण वारा इमारतीवरून जमिनीत कोणत्या वाटेने जाईल हे त्यांना आधी कळत होतं, म्हणून संगणकाचं उत्तर बरोबर की चूक हेही ओळखता येत होतं. ईटॅब्स बनवणारी कंपनी १९७५मध्ये स्थापन करणारे अश्रफ हबीबुल्ला यांचंही नाव आपण असंच मिरवतो. मिरवायला हरकत नाही. पण त्यांच्या कंपनीने सॉफ्टवेअरबरोबर दिलेल्या माहितीपुस्तिका आपल्यातल्या कितीजणांनी उघडल्या?

दुसरा आक्षेप तरुणांचा, आणि तो जास्त प्रामाणिक आहे. "सर, संध्याकाळी ड्रॉइंग द्यायचंय. फी एवढीशी. कारणं शोधत बसलो तर नोकरी जाईल." खरं आहे. डिझाइनची फी किती पडली आहे ते मला ठाऊक आहे. टाइल्स निवडायला घरमालक जेवढा वेळ देतो तेवढाही डिझाइनला देत नाही. पण वेळेचा हिशोब तरी नीट करू या. सपोर्टांवर उतरलेल्या एकूण भाराची बेरीज करायची आणि हाताने काढलेल्या वजनाशी ताडायची: दहा मिनिटं. राहत्या काँक्रीट इमारतीत दर मजल्याला दर चौरस मीटरला साधारण १० ते १५ किलोन्यूटन पडतात. तुमचं उत्तर ६ आलं असेल तर काहीतरी हवेत लोंबकळतंय किंवा सेल्फवेट टाकायचं राहिलंय, आणि २५ आलं असेल तर स्लॅबचं वजन सॉफ्टवेअरनेही धरलंय आणि तुम्हीही. एका साध्या बीमचा मोमेंट कागदावर काढायचा: पाच मिनिटं. विस्थापनाचं चित्र पाहायचं: दोन मिनिटं. भूकंपाच्या विश्लेषणात मोडल मास ९० टक्के भरलं का ते बघायचं, आणि नसेल भरलं तर नुसते मोड वाढवत सुटण्याआधी मास सोर्स तपासायचा, ज्यात ३ किलोन्यूटनपर्यंतच्या लाइव्ह लोडचा २५ टक्के आणि त्यावरच्याचा ५० टक्के भाग धरलाय ना: पाच मिनिटं. शेवटी वॉर्निंगच्या ओळी वाचायच्या. सगळं मिळून अर्धा तास. जो साहेब अर्धा तास देत नाही, त्याला इंजिनिअर नको आहे, टायपिस्ट हवा आहे.

आता ज्यांच्यावर माझा खरा रोख आहे त्यांच्याकडे येतो. पंचेचाळीस दिवसांत तीन सॉफ्टवेअर शिकवणारे क्लास. त्यांचं मॉडेल नेहमी चालणारं असतं. चौकोनी इमारत, सरळ कॉलम, आधीच तपासलेली फाइल. मुलगा शिक्षकामागून क्लिक करत जातो आणि शेवटी हिरवा रंग बघून घरी जातो. बिघडलेलं मॉडेल त्याच्यासमोर कधी ठेवलं जात नाही. मुद्दाम दोन बीम सोडून, एक युनिट बदलून, एका कॉलमखालचा सपोर्ट काढून फाइल दिली आणि "यात काय चुकलंय ते सांग" म्हटलं, तर दोन महिन्यांत तो शिकेल ते चार वर्षांत कॉलेजात शिकत नाही. पण तसं केलं तर प्रमाणपत्र वेळेवर देता येणार नाही. आणि मुलाच्या बापाने कर्ज काढून भरलेली फी प्रमाणपत्रासाठीच असते.

कॉलेजांनी आपली जबाबदारी या क्लासांवर सोडून हात झटकले आहेत. आणि सही देणाऱ्यांनी त्याहून वाईट केलंय. आर्किटेक्टसाठी देशात १९७२चा कायदा आहे. इंजिनिअरसाठी देशपातळीवर तसा परवान्याचा कायदा नाही. महापालिका आपापले परवाने देतात. त्यामुळे सही हा कित्येक ठिकाणी भाड्याने मिळणारा माल झाला आहे. मॉडेल एकाने केलं, तपासलं कुणीच नाही, सही तिसऱ्याची. सही करणाऱ्याने आउटपुट फाइल उघडलीच नसेल तर त्याची सही नेमकी कशाची साक्ष देते?

आपल्या समाजाशी याचा काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध दोन बाजूंनी आहे. कोकणातल्या मोहल्ल्यांतून, मुंब्रा-भिवंडी-मालेगावातून दरवर्षी कितीतरी मुलं हे कोर्स करून आखातात जातात. त्यांच्या घरच्यांनी त्यावर पैसा आणि उमेद दोन्ही लावलेली असते. त्यांना बटणं शिकवून पाठवणं ही त्यांची फसवणूक आहे. आणि दुसरी बाजू अशी की निकृष्ट इमारतींत राहणारेही पुष्कळदा आपणच असतो. ४ एप्रिल २०१३ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसं गेली. ऑगस्ट २०२०मध्ये महाडला पाच मजली इमारत पडली, १६ गेले. महिन्याभरात भिवंडीतली पडली. या इमारती सॉफ्टवेअरच्या चुकीने पडल्या असं मी म्हणत नाही. तिथली कारणं वेगळी आणि जास्त ढोबळ होती. मी एवढंच म्हणतो की इमारत पडते तेव्हा काय होतं हे आपल्याला दुसऱ्या कुणी समजावण्याची गरज नाही. मग आपल्याच मुलांनी इशारे पुसण्याची कला शिकावी?

आणखी एक कडू गोष्ट. बिस्किटाच्या पुड्यावर हलालचं चिन्ह शोधणारी आमची मुलं पायरेटेड सॉफ्टवेअरवर इमारती डिझाइन करतात, आणि त्यात काही खटकतं असं त्यांना वाटत नाही. नैतिक भाग घटकाभर बाजूला ठेवा. सॉफ्टवेअरमध्येही चुका निघतात आणि कंपन्या त्या दुरुस्त करून ग्राहकांना कळवतात. क्रॅक केलेल्या जुन्या प्रतीपर्यंत ती दुरुस्ती पोहोचत नाही. म्हणजे मुलाचं मॉडेल बरोबर असेल तरी उत्तर बरोबर असेल याची खात्री नाही. मोठी सॉफ्टवेअर महाग आहेत, मान्य. विद्यार्थ्यांसाठीच्या आवृत्त्या मिळतात, त्यांवर शिका. आणि कामाला लागल्यावर मालकाकडे लायसन्स मागा.

आपल्या परंपरेत दोन शब्द आहेत: तक्लीद आणि तहकीक. तक्लीद म्हणजे कुणीतरी सांगितलं म्हणून मागे जाणं, तहकीक म्हणजे स्वतः शोधून खात्री करणं. धर्माच्या बाबतीत यांवर शतकानुशतकं वाद झाले आहेत आणि मी त्यात इथे शिरत नाही. पण हदीस तपासणाऱ्या जुन्या विद्वानांनी एक शिस्त घालून दिली. वचन कानावर आलं की आधी इस्नाद बघायची: कुणी कुणाकडून ऐकलं, साखळीतला प्रत्येक रावी भरवशाचा होता का, मध्ये कडी तुटली आहे का. वचन कितीही आवडलं तरी साखळी कमजोर असेल तर ते कमजोर. ज्यांच्या घरात ही शिस्त हजार वर्षांहून जुनी आहे, त्यांनी व्हॉट्सॲपवर आलेली मॉडेलची फाइल कुणी बनवली, कोणत्या झोनसाठी, कोणत्या संहितेनुसार, हे न विचारता चालवावी याचं मला नवल वाटतं.

उपाय फार मोठे नाहीत आणि त्यासाठी सरकारची वाट बघायला नको. प्रत्येक मॉडेलबरोबर एक पानाचा तपासणी-कागद द्यावा: एकूण वजन, सपोर्टांची बेरीज, एक हाताचं गणित, आणि उरलेल्या प्रत्येक वॉर्निंगपुढे ती का चालते याचं एका ओळीत कारण. कारण लिहिता येत नसेल तर ती वॉर्निंग चालत नाही, एवढा साधा नियम. शिकवणाऱ्यांनी निम्मे धडे बिघडलेल्या फाइलींवर घ्यावेत. सही करणाऱ्याने तो एक पान वाचल्याशिवाय पेन उघडू नये. आणि फ्लॅट घेणाऱ्यांनो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये रंग कुठला लावायचा यावर तासभर भांडता, तेव्हा बिल्डरकडे हा कागद आहे का हेही विचारा. दहा ठिकाणी विचारणा झाली तर अकराव्या ठिकाणी तो तयार मिळेल.

आणि मला फोन करणाऱ्या मुलांना एवढंच सांगणं आहे. फोन जरूर करा, रात्रीही करा. पण ‘कसा घालवू’ म्हणालात तर मी उत्तर देणार नाही. आउटपुट फाइल उघडा, जॉइंटचा नंबर लिहून घ्या, त्या जॉइंटला कोण कोण धरून आहे ते बघा, आणि मग फोन करा. तोवर बहुतेकांना उत्तर सापडलेलं असेल.